ठाणे स्टेशनवरच्या त्या चौघींना

मंगळवारी संध्याकाळी दादरहून येताना माझ्या पत्नीला लेडीज डब्यात घेरी आली. तुम्ही चौघींनी तिला ठाण्याला उतरवलंत, बाकावर बसवलंत, मला फोन केलात. मनापासून आभार.

मी नौपाड्यातून धावत पोचलो तेव्हा एक ताई तिला पाणी पाजत होत्या. बाकीच्या तिघी ओढण्या पसरून, गर्दीकडे पाठ करून उभ्या. "जरा वारा लागू द्या ना तिला," मी म्हणालो. वयाने मोठ्या होत्या त्या हळूच म्हणाल्या, "दादा, तिच्या ड्रेसची वरची बटणं सैल केलीत. मगाशी दोघं व्हिडिओ काढत होते."

१८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली, याचा केवढा अभिमान आम्हाला! त्याच स्टेशनात बेशुद्ध बाईला पाण्याच्या आधी आडोसा लागतो, हे वीस वर्षं ये-जा करून मला दिसलं नव्हतं. मला घेरी आली असती, तर आडोशाचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. रात्री पत्नीला हे बोललो, तर ती म्हणाली, "माझ्या पर्समध्ये सेफ्टी पिना कशाला असतात, कधी विचारलंस?" नव्हतं विचारलं.

तुमची गाडी आली, नावं विचारायची राहिली. निळ्या ओढणीवाल्या ताई, तुमची पाण्याची बाटली आम्ही जपून ठेवली आहे.