मॅडम, तुम्ही उभ्या राहिलात

मॅडम,

दोन वर्षांची पाठदुखी घेऊन पहिल्यांदा तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत आलो तेव्हा तुम्ही खुर्ची दाखवलीत आणि मी बसलो. दोन मिनिटांतच माझी चुळबुळ सुरू झाली. हातांवर भार देऊन थोडं उचलून बसायचं, पुन्हा टेकायचं. तुम्ही बोलता बोलता थांबलात, उठलात, फाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "चला, उभ्यानेच बोलू." त्यानंतर पाऊण तास आपण दोघं उभे होतो. तुम्ही एकदाही कशाला टेकला नाहीत.

त्या दिवशी घरी जाऊन मी रडलो. दोन वर्षांत इतके जण भेटले, पण मला बसवत नाही हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "गादी सरकलीय, मणक्यात गॅप आहे. आता जन्मभर वाकायचं नाही." मी वाकणं सोडलं. दिवसभर पट्टा बांधून वावरलो. मुलीला उचलून घेणं बंद केलं आणि काही दिवसांनी तिनेही हात वर करणं बंद केलं. दुसऱ्यांनी तोच रिपोर्ट पाहून "विशेष काही नाही, डोक्यातून काढून टाका" म्हटलं. प्रत्येक दारात पहिल्यापासून तीच कहाणी सांगायची. एकाने दिलेल्या गोळ्या दुसऱ्याला माहीत नसायच्या. त्या सगळ्यांवरचा राग अजून गेलेला नाही, तो लपवतही नाही.

तुमच्या टीममधल्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. लघवी-शौचावर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो का, ताप येतो का, वजन उतरलंय का. यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी मला 2015 सालच्या एका आढाव्यातला तक्ता दाखवला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय त्यात पाहिले होते. चाळिशीच्या माणसांमध्ये सुमारे 50 टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या आणि 68 टक्क्यांच्या झिजलेल्या! माझं वय 43. तो तक्ता मी तीनदा वाचला. माझ्या पाठीत आहे तेच घेऊन इतकी माणसं खुशाल वाकत होती, ओझी उचलत होती.

समुपदेशक मॅडमनी पहिलंच वाक्य उच्चारलं, "तुमचं दुखणं खरं आहे." मग सांगितलं की इतके महिने दुखल्यावर नसा आणि मेंदू साध्या हालचालीलाही धोका समजायला लागतात, आणि भीतीने अंग आखडलं की दुखणं आणखी वाढतं. रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी माझ्या कामाचा दिवस तुकड्यातुकड्यांनी समजून घेतला. पट्टा कधी सुटला ते मला आठवतही नाही.

आणि तुम्ही सगळे एकमेकांशी बोलत होता! एकदा समुपदेशक मॅडमना मी झोप उडाल्याचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "झोप नाही ना होत? आज अर्धाच व्यायाम करू." मला पुन्हा काही सांगावं लागलं नाही. दुखणाऱ्या माणसाला यात केवढा विसावा मिळतो, हे त्यालाच ठाऊक.

जमिनीवरचा पेन उचलायला लावलात तो दिवस आठवतो. मला घाम फुटला होता. तुम्ही पाठीला हात लावला नाहीत, "सावकाश"ही म्हणाला नाहीत, नुसत्या थांबलात. पेन माझ्या हातात आला आणि कंबर जागच्या जागी होती.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. जाईल असं तुम्हीही कधी म्हणाला नव्हता, आणि म्हणूनच तुमच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला. पण मी कामावर जातो, चालतो, आणि मुलगी पुन्हा हात वर करते. समोरच्याला कुठे बोचतंय ते ओळखून आपली खुर्ची सोडणारी माणसं आहेत, हे आता मी भेटेल त्याला सांगत असतो.

हे पत्र लिहिताना दोनदा उठून फेरी मारून आलो. दुखायला लागायच्या आधीच, तुम्ही शिकवलंत तसं.

तुमचा,
खिडकीजवळ उभा राहिलेला पेशंट