तात्या, त्या बुटक्या स्टुलाबद्दल

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही "बास झाला रे" म्हणून त्याला मधेच थांबवाल. थांबवू नका. परवा मृगाचा पहिला पाऊस रात्रभर कोसळला. पहाटे चारला मी बॅटरी घेऊन ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर असं सगळं फिरले. एक थेंब नाही! तेव्हाच फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. जुनं कौलारू घर न पाडता दुरुस्त करायला घेतलं म्हणून ज्यांनी आम्हाला वेड्यात काढलं त्यांनीही वाचावं, अशी माझी साधी, थोडी दुष्ट इच्छा आहे.

2023 च्या दिवाळीत आम्ही बहीणभावांनी मिळून दापोली तालुक्यातलं हे घर घेतलं, तेव्हा त्याची काय दशा होती ते तुम्हाला ठाऊक आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात छपराचं मागचं पाखं उडालेलं. त्यावर ताडपत्री टाकून आधीचे मालक मुंबईला निघून गेलेले. मग दर पावसाळ्यात पाणी चिऱ्यांच्या भिंतीवरून खाली ओघळत राहिलं. पडवीत करवंदीची जाळी उगवली होती.

पहिला ठेकेदार घरात शिरलाच नाही. खळ्यात उभा राहून म्हणाला, "पाडा. स्लॅब टाकून देतो." दुसऱ्याने लेझरने मापं घेतली, काँप्युटरवर गुलाबी रंगाचं घर काढून दाखवलं, 40 हजार आगाऊ घेतले. त्यानंतर त्याच्या घरात एकामागून एक इतकी लग्नं निघाली की त्याची भावंडं तरी किती, असा प्रश्न पडावा. तिसऱ्याला निळा पत्राच हवा होता. पावसात पत्र्याखाली बसून आईचं बोलणं मला कसं ऐकू येणार, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

तुम्ही आलात ते सायकल हातात धरून. पटाशीने एकेक वासा टोचून बघितलात. तासभर एक शब्द नाही. आम्ही सगळे डॉक्टरसमोर बसल्यासारखे तुमच्या तोंडाकडे बघत होतो. मग म्हणालात, "पाच वासं न् थोड्या रिपा गेल्यात. वाळवी हाय. बाकी घर हाय." तेवढं ऐकून माझा भाऊ खळ्याच्या कोपऱ्यात जाऊन उगाच नाक शिंकरत उभा राहिला.

कामाचं सगळं इथे सांगत बसत नाही. शुक्रवारी रात्रीची गाडी, खेडला उतरायचं, पुढे एसटी, रविवारी परत, असे आमचे दोन महिने गेले. भाच्याने काजूच्या टरफलांचं तेल वाशांना लावताना हातमोजे काढले आणि आठवडाभर सोललेल्या कातडीचे फोटो सगळ्यांना पाठवले. माझ्या नवऱ्याने शेणाने सारवायला घेतलं, ते नकाशा काढल्यासारखं दिसलं आणि आईने ते मुकाट्याने पुन्हा केलं. तेवढंच. एरवी आई नुसती ओटीवर खुर्चीत बसून असायची. तिला 74 वर्षं, दोन्ही गुडघे गेलेले. बाबा गेल्यापासून ती तशीही फारशी बोलत नव्हती. आम्ही प्रेमानेच, पण दिवसातून पन्नास वेळा तिला म्हणायचो, "तू बस गं, तू उठू नकोस."

कौलं उतरवली त्या दिवशीचं सांगते. खळ्यात 1,900 च्या वर कौलं रचली होती. तेवढ्यात भाच्याला एका कौलावर 1865 असं साल दिसलं आणि घर दीडशे वर्षांहून जुनं असल्याची बातमी त्याने गावभर केली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ता कारखान्याचा साल. बासेल मिशनचा. कौल तुज्या आजाच्या वयाचा आसल." पोरगं हिरमुसलं. मी हसत होते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तुम्ही बाजूला बसून काय करताय ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही कुजलेल्या किंजळीच्या वाशाचा चांगला तुकडा कापून घेतला होता. आईच्या खुर्चीजवळ जाऊन तिच्या गुडघ्यापर्यंतची उंची विती आणि बोटं लावून मोजलीत. तिला विचारलंही नाहीत. भाकरी खायच्या वेळात एक बुटकं स्टूल झालं. खुर्चीपेक्षा खाली, जमिनीपेक्षा वर, आणि एका बाजूला हात टेकून उठता यावं म्हणून उभी खुंटी. ते कौलांच्या राशीपाशी ठेवलंत आणि म्हणालात, "वैनी, माजा एक कान गेलाय. ह्या पोरांना समजायचा नाय. तुमी वाजवून बगा. खण्ण वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर टाकायचा."

तात्या, तुमचे दोन्ही कान धडधाकट आहेत. आढ्यावर बसून खाली चाललेली आमची कुजबुज तुम्ही ऐकता, हे आम्हाला केव्हाच कळलंय.

आई उठली. तीन दिवस बोटाच्या पेराने एकेक कौल वाजवत होती. गुहागरकडचं तिचं माहेर विकलं गेलं त्याला चाळीस वर्षं झाली. तिथे वैशाखात कौलं शाकारताना तिची आजी हेच करायची, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकदा सुरू झाल्यावर आजी, विहीर, भावाने फोडलेली कौलं, त्यावरून खाल्लेला मार, सगळं बाहेर आलं. भाचा म्हणाला, "हे चांगलंय आजी." ती म्हणाली, "बद्द आहे. टाक." 1,340 कौलं तिने पास केली. नव्या कौलाची खाच जुन्यात बसत नाही म्हणून उरलेली तुम्ही स्लॅब घातलेल्या घरांच्या परसांतून गोळा केलीत, तर तीही तिच्यासमोर हजर झाली. तिने त्यातली बरीच परत पाठवली आणि तुम्ही ती खरोखरच परत नेलीत.

शनिवारी तुम्ही वही काढून हजेरी वाचलीत. आपल्या गड्यांची नावं झाली आणि त्याच सुरात, "वैनी, तीन दिवस." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मजुरीचे पैसे माझ्याकडून मोजून घेतलेत आणि तिच्या हातात दिलेत. ते पाकीट अजून देवामागे आहे. त्यातली एक नोटही ती मोडू देत नाही.

म्हाताऱ्या माणसांना जपणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही जपतच होतो. पण तिच्यावाचून अडतंय असं तिला वाटू देणं आम्हा शिकल्यासवरल्यांना सुचलं नाही. सुचलं ते तुम्हाला, तेही हातात भाकरी असताना. असा चांगुलपणा शहाण्यासुरत्या माणसांतही कमी का दिसतो कोण जाणे. बहुतेक त्याला वेळ लागतो म्हणून नव्हे, समोरच्याकडे नीट बघावं लागतं म्हणून असेल.

त्या गुलाबी घरवाल्याचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. म्हणे, अजून काम द्यायचं असेल तर सांगा. मी फोन आईला दिला. ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पडवीचं काम दसऱ्यानंतर काढू म्हणाला होतात. आईने स्टूल धुऊन उन्हात ठेवलं होतं, परवा पाऊस आला तसं आधी तेच आत घेतलं, वाळत घातलेले कपडे मागाहून. विचारतेय, पडवीला किती कौलं लागतील?

आपली,
डोंबिवलीवाली