म्हापशाच्या फिजिओ मॅडमना, खुर्ची हलवल्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि तसंही ज्यांची मान, कंबर, गुडघा तुमच्या हाताखालून गेलाय त्यांना दोन-चार ओळीत कळेलच की हे कुणाबद्दल चाललंय. वयाने तुम्ही माझ्या भाचीएवढ्या, तरी तुम्हाला अगं-तुगं माझ्याच्याने कधी झालं नाही. तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, आता हनुवटी मागे घ्या" म्हणून विषय मानेच्या व्यायामावर नेता, म्हणून हे लिहून टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी गोव्याच्या डिचोली तालुक्यातला. पोटाला नोकरी आहे, पण पाऊस लागला की चतुर्थीपर्यंत आमच्या घरात चित्रशाळा, म्हणजे गणपती घडवायचा कारखाना असतो, वडिलांपासूनचा. चिकणमातीचे गणपती. हे काम केलेल्याला विचारा, मान किती वेळ खाली असते ते. डोळे रेखायला बसलं की माणूस श्वाससुद्धा बेताने घेतो. तर आधी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली, मग ब्रश हातातून निसटायला लागला, मग रात्री हातातून अशी कळ जायची की उठून बसावं लागायचं. एमआरआयमध्ये मानेच्या दोन गाद्या नसेवर दाबून बसलेल्या दिसल्या, सी-५ ते सी-७, म्हणजे मानेच्या पाचव्या ते सातव्या मणक्यामधल्या, आणि ऑपरेशन ठरलं. गळ्याला पुढून चीर देऊन गाद्या काढल्या, त्या जागी केज, म्हणजे छोटे पोकळ ठोकळे बसवले, मणके जोडले जावेत म्हणून वरून प्लेट आणि स्क्रू. नंतर काही आठवडे आवाज बसला होता आणि पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं, पण ते होतं म्हणे आणि ते गेलंही.

ऑपरेशन फसलं असं मी कुणाला म्हणू देत नाही. हातातली कळ गेली, बोटं परत आली, ब्रश परत हातात बसला. ज्या सर्जनने केलं त्यांचा हात चांगलाच. पण मान काही दुखायची थांबली नाही. खांद्याच्या पात्यापासून वर डोक्याच्या मागपर्यंत, संध्याकाळ झाली की कुणीतरी आतून पिळ देतोय असं, आणि पावसात तर विचारू नका.

आणि इथून पुढे जे सुरू झालं त्याचा मला अजून राग आहे, तो लपवत नाही. फॉलोअपला गेलो की एक्सरे लाइटवर लावायचा, "फ्युजन फर्स्ट क्लास झालंय", म्हणजे मणके छान जोडले गेलेत म्हणायचं, आणि दुखतंय म्हटलं की एक्सरेकडे बोट दाखवायचं, दुखायला काही कारणच नाही. अहो एक्सरेत स्क्रू दिसतात, दुखणं कुठं दिसतं? दुसरीकडे गेलो तर तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवरून डोळे न हलवता विचारलं की घरी काही टेन्शन आहे का. तिसरीकडे सांगितलं वाकू नका, उचलू नका, वळू नका. मग करू काय ते नाही सांगितलं. आणि एका ठिकाणची गंमत तर मी सगळ्यांना सांगतो, मणक्याची ओपीडी, बाहेर बसलेले निम्मे लोक मानेला कॉलर लावलेले, आणि टोकन नंबरचा बोर्ड कुठं तर छताला टेकून, दाराच्या वर! नंबर आला का बघायला आम्ही सगळे कॉलरवाले कंबरेतून मागे वाकतोय. तो बोर्ड लावताना एकालाही काही सुचलं नसेल?

घरचे-बाहेरचे काही कमी नव्हते. लग्नात भेटला की प्रत्येक माणूस "आजून दुखता?" विचारतो आणि विचारतानाच चेहऱ्यावर असतं की आता पुरे की राव, ऑपरेशन झालं ना. एका नातेवाइकाने देवळात कौल लावून बघू म्हटलं, दुसऱ्याने एक मालिशवाला सुचवला जो मान कडकन मोडून देतो. प्लेट-स्क्रू घातलेली मान! मी पळालो तिथून. पण त्यांचंही एका परीने बरोबर, डॉक्टरच म्हणतात काही नाही तर लोक काय करणार.

अशा मूडमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो मॅडम. बायकोने ढकलून पाठवलं म्हणून, खरं सांगायचं तर मला तिथंही एक शेक आणि व्यायामाचं झेरॉक्स मिळेल असंच वाटलं होतं.

आता जे लिहायचंय ते. तुमच्या त्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं आणि पेशंटचं स्टूल टेबलाच्या बाजूला, सगळीकडे असतं तसंच. म्हणजे डॉक्टर समोर स्क्रीनकडे आणि पेशंट तिरका. मी बसलो आणि बोलायला लागलो, आणि मला मान वळवता येत नव्हती म्हणून मी आख्खा, कंबरेपासून, स्टुलावर फिरून तुमच्याकडे बघत होतो. हे मी सगळीकडेच करायचो, माझं मलाही कळत नव्हतं. तुम्ही माझं पहिलं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. उठलात, तुमची ती चाकाची खुर्ची, तिचं एक चाक अडकतं, ती सरळ उचललीत आणि टेबलाला वळसा घालून माझ्या समोर आणून ठेवलीत. बसलात. मग बघितलंत की स्टूल बुटकं आहे आणि मला वर बघावं लागतंय, तर खालचा खटका दाबून खुर्ची फुस्सकन खाली केलीत, डोळ्याला डोळा येईपर्यंत. फाईल मांडीवर घेतली. कॉम्प्युटर तुमच्या पाठीमागे तसाच चालू राहिला. आणि म्हणालात, "हां, आता बोला."

बस एवढंच. त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, "तुम्हाला त्रास होतोय ना म्हणून" वगैरे काही नाही. मला वाटतं तुम्हाला ते आठवतही नसेल. पण इतक्या महिन्यांत किती जणांपुढे बसलो मी, किती मोठमोठ्या डिग्र्यांपुढे, त्यातला एकही जण माझ्या मानेसाठी स्वतः वीतभर हलला नव्हता. हलायचं ते मीच, आणि दुखतंय तेही मलाच. मला त्या स्टुलावर घसा दाटून आला होता, तुम्हाला सर्दी म्हणून सांगितलं.

पुढच्या वेळेला आलो तर खुर्ची आधीच समोर होती. एकदा तुमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी माझ्या बाजूला उभी राहून काहीतरी विचारायला लागली, तर तुम्ही फाईलमधून वर न बघता तिला एवढंच म्हणालात, "मुखार येवन विचार." म्हणजे समोर येऊन विचार. ती पोरगी आयुष्यभर विसरणार नाही बघा, आणि तिच्या हातून पुढे ज्या माना जातील त्यांचं भलं होईल.

त्यानंतर तुम्ही जे जे सांगितलंत ते मला पटत गेलं, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं हे नक्की. तुम्ही सांगितलंत की हे ऑपरेशन मुळात दबलेल्या नसेसाठी असतं, हाताची कळ, बधिरपणा, अशक्तपणा यासाठी, मानेचं दुखणं त्याने जाईलच असं नसतं. हे एक वाक्य मला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढा चक्रावलो नसतो. तुम्ही सांगितलंत की मान डावी-उजवीकडे वळवायचं जवळपास निम्मं काम अगदी वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं आणि माझे जोडलेत ते खालचे, म्हणजे स्क्रूमुळे मान वळत नाही असं नाही, स्नायू घाबरून धरून बसलेत. आणि खूप महिने दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, साध्या हालचालीलाही दुखणं म्हणायला लागते, म्हणून एक्सरे छान आणि मान दुखते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नंतर मी घरी वाचत बसलो तेव्हा कळलं की जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, आयसीडी-११, तिच्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःची जागा आहे आणि ऑपरेशननंतर मागे राहणाऱ्या दुखण्यालाही वेगळा कोड आहे. म्हणजे "कारणच नाही" म्हणणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या पुस्तकात आमचा नंबर आहे हो! कुणीतरी त्यांना समोर खुर्ची घेऊन बसून सांगा.

रात्रीच्या त्या छोट्या गोळीचंही तसंच. अमिट्रिप्टिलिन डॉक्टरांनी लिहून दिली आणि फार्मसीवाला चार लोकांत म्हणाला ही डिप्रेशनची आहे, तेव्हा मी ती तीन दिवस कपाटात ठेवून दिली होती. तुम्ही समजावलंत की नसांच्या दुखण्यासाठी ती कमी डोसमध्ये देतात, आणि डॉक्टरांना फोन करून परत विचारा असंही सांगितलंत. आता झोप तरी लागते.

पण माझ्या चित्रशाळेचं तुम्ही जे केलंत ते कुठल्याच पुस्तकात नसेल. मी म्हटलं मॅडम आता गणपती बंद करतो, मान खाली घातल्याशिवाय हे काम होत नाही. तुम्ही विचारलंत मूर्ती कशावर असते. म्हटलं पाटावर, जमिनीवर. "मग मूर्ती वर आणा ना, मान कशाला खाली नेता?" डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते पुढे लोंबकळत ठेवलं की मागचे स्नायू तासन्‌तास ओढून धरतात, हे तुम्ही माझ्याच फोनवर माझा साईडने फोटो काढून दाखवलंत. घरी जाऊन मुलाने चार चिरे रचले, त्यावर जुना फळा, त्यावर पाट. गणपती माझ्या डोळ्यासमोर. वडील असते तर म्हणाले असते गणपतीला डोक्यावर बसवलास, पण काम व्हायला लागलं. मोबाईलला वीस मिनिटांचा अलार्म, वाजला की दुखत असो नसो उठायचं, दुखायची वाट बघायची नाही. चित्रशाळेतली पोरं अलार्म वाजला की "काका, आरती!" म्हणून ओरडतात. ओरडू देत. डोळे मी आता सकाळीच रेखतो, मान ताजी असते तेव्हा, आणि संख्या कमी केलीय. काही जुन्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं, त्यातल्या दोघांनी तोंड फिरवलं, बाकीच्यांनी समजून घेतलं.

तुमच्यामुळं एक सवय लागली, कोण कसं वागतं ते बघायची. आमच्या बाजारात एक मासळीवाली आहे, ती खाली बसलेली आणि मला वाकून पाटीत बघता येत नाही, तर आता मी दिसलो की ती स्वतःच बांगडा उचलून माझ्या नाकासमोर धरते, कल्ले उघडून दाखवते, आणि भाव मात्र एक रुपया कमी करत नाही. एक पायलट आहे डिचोलीला, म्हणजे आमचा मोटरसायकल टॅक्सीवाला, प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी "धरा हां" म्हणून सांगतो. यांना मानेचे मणके किती असतात माहीत नाही. समोरच्याला काय जड जातंय एवढं बघतात. हे शिकवता येतं का मला ठाऊक नाही, पण नसलं तर कितीही शिकून येत नाही हे मी बरंच फिरून बघितलंय.

दुखणं गेलंय का म्हणाल तर नाही. संध्याकाळी अजून पिळ बसतो, आठवड्यातले एक-दोन दिवस सरळ वाया जातात, आणि तुम्हीच सांगितलंय की थोडं राहील. पण वाया गेलेल्या दिवशी आता मी एक्सरे काढून बघत बसत नाही. टॉवेलची गुंडाळी मानेखाली घालून पडतो आणि दुसऱ्या दिवशी परत हनुवटी मागे.

चतुर्थीला आमच्याकडे याच. नेवऱ्या बायको करेल, पातोळ्या शेजारून येतात आणि त्या जास्त चांगल्या असतात, हे तिला सांगू नका. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, आता मुलगा बांधतो आणि मी खाली बसून हुकूम सोडतो, वर बघता येत नाही म्हणून मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून नारळाचा घड इकडे, सुपारीची शिपटी तिकडे असं चालतं. तुम्ही आलात की समोर बसायला खुर्ची ठेवतो, तिची चारही चाकं, म्हणजे पाय, शाबूत आहेत.

ता. क. गुंडाळीसाठी दिलेला तुमचा निळा टॉवेल आमच्याकडेच आहे. प्रत्येक वेळी आणायचा विसरतो. धुतलाय, पण त्यावर चिकणमातीचा आणि थोडा केशरी रंगाचा डाग राहिलाय तो जात नाही, नवीन आणून देऊ का ते कळवा.