तळ्याकाठच्या बागेविषयी अविनाशला

नेरुळ, नवी मुंबई

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

गावच्या तळ्याभोवती बाग करायचं नगरपालिकेने मनावर घेतलंय आणि तू त्या समितीत आहेस, हे वाचून फार आनंद झाला. ‘तुमच्या ज्वेलला, म्हणजे ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या बागेत, काय काय आहे ते कळव’ असं तू लिहिलंस. कळवतो, पण आधी पाण्याचं ऐक.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी इथल्या जमिनीपेक्षा वर चढतं. म्हणून सिडकोने शहर वसवताना डच पद्धतीचे तलाव केले. इथे सगळे त्यांना होल्डिंग पाँडच म्हणतात. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. भरतीच्या दाबाने त्या मिटतात, ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. जुलैत मुसळधार पाऊस आणि भरती एकदमच आली, तर आमची घरं या तलावांच्या भरवशावर असतात. ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणजे अशाच एका तलावाचा काठ. गाळ साचला की तलावाची पोटातली जागा कमी होते, तेव्हा गाळ कोण आणि कधी काढणार हे कारंजं ठरवायच्या आधी ठरवा.

बाकी चालायचा ट्रॅक आहे, व्यायामाची साधनं आहेत, पहाटेपासून माणसांची वर्दळ असते. गुडघे धरलेले आजोबा आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एकाच वाटेवर असतात, हे मला फार आवडतं. पाण्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात, काठाला वंचक बगळे, मधूनच खंड्याची निळी झेप.

पण अव्या, खरं सांगायचंय ते सीवूड्सकडच्या, दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या डीपीएस तलावाचं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगोंना उभं राहायला उथळ जागा लागते, ती या तलावात मिळते. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव सुकत गेला. त्याच दिवसांत तिथे फ्लेमिंगो मेले. माणसं रस्त्यावर उतरली, पाठपुरावा करत राहिली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली, तेव्हा मला घरात लग्न ठरल्यासारखं झालं.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, तुमच्या तळ्यात ओढा कुठून येतो आणि सांडवा कुठून जातो, त्या दोन्ही जागा आधी नकाशावर आखून घे आणि तिथे सिमेंटचं काही होऊ देऊ नकोस. ट्रॅक पूर्ण गोल व्हायलाच हवा असा हट्ट कोणी धरला तर विरोध कर. एक काठ गवत-पाणकणसांचा, माणसांवाचून राहू दे. पाणकोंबडीला घरटं तिथेच करता येतं. दिव्यांचे झोत पाण्यावर नकोत.

आराखड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, बारकाईने बघतो. आणि मे संपायच्या आत दोन दिवस काढून ये. भरतीची वेळ बघून डीपीएसला जाऊ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास