चाचणी येईपर्यंत आजार खोटा का?

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतली ‘सततच्या थकव्याचे निदान आता एका रक्तचाचणीत’ ही बातमी वाचली. पेपर घरात पडून तास झाला नाही तोच धाकट्या जावेचा फोन आला, “बरं झालं ताई, आता तुमच्या सुनेचं खरं काय ते कळेल.” पत्र लिहिण्याचे कारण हे वाक्य आहे. शब्द कडक झाले तर क्षमा असावी.

ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या सततच्या थकव्याच्या आजाराच्या (इंग्रजीत ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’, माझ्या सुनेला आहे तोच) ४७ रुग्णांचे आणि ६१ निरोगी माणसांचे रक्त तपासले. पेशीतला डीएनए कसा दुमडला आहे, यावरून ते रुग्ण ओळखतात. काम मोलाचे आहे. पण ते रुग्ण घराबाहेरही पडू न शकणारे, आणि तुलना ठणठणीत माणसांशी. दवाखान्यात येणाऱ्या थकलेल्या बाईला थायरॉइड असू शकतो, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असू शकतो, रक्त कमी असू शकते. खरी कसोटी तिथे आहे, आणि आपली बातमी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ९६ टक्के अचूक, एवढेच ठळक अक्षरांत. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉन डेव्हिस यांच्या चमूनेही वीस रुग्ण आणि वीस निरोगी अशा ४० जणांच्या रक्तावर एक चाचणी केली होती. त्यात वीसच्या वीस रुग्ण ओळखले गेले. डेव्हिस यांचा स्वतःचा मुलगा या आजाराने अंथरुणाला खिळलेला आहे, म्हणजे तळमळ कमी पडली असे कोण म्हणेल? तरी ती चाचणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही.

माझी सून अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघायची. डेंग्यू झाला, ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, पण ती काही उभी राहिली नाही. शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि तिच्यादेखत मला म्हणाले, “रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. यांनी मनाला लावून घेतलंय. रोज चालायला पाठवा.” ती बिचारी हट्टाने कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेली. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी तिला केसांतून कंगवा फिरवता येईना, आणि पुढचे कित्येक दिवस खोलीतला दिवासुद्धा सोसेना.

श्रमानंतर दुसऱ्या दिवशी माणूस असा कोसळणे, हीच या आजाराची खूण आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्येच निकष लिहून दिले: सहा महिने टिकलेला आणि कामधाम बंद पाडणारा थकवा, श्रमानंतर अशी घसरण, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, आणि जोडीला विचार व स्मरण मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास होणे. यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. बाकीचे आजार तपासून बाजूला काढायचे आणि “काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?” एवढे विचारायचे. आम्हाला हे कुणी विचारले नाही. रक्तातून कागद निघेपर्यंत माझी सून नातेवाइकांत कामचुकारच राहणार का?

आणि त्या बातमीशेजारी आपण चौकट काय छापलीत? ‘थकवा घालवा : रोज ४५ मिनिटे भरभर चाला’! व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची शिफारस उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने या रुग्णांसाठी २०२१ मध्ये काढून टाकली आहे. ती चौकट वाचून आज कुणीतरी आपल्या घरातल्या आजारी माणसाला अंथरुणातून ओढून बाहेर काढील. दुरुस्ती छापा, आणि तीही पुरवणीच्या पहिल्या पानावर.

आणखी एक. आवाज सहन न होणे हाही याच आजाराचा भाग आहे. आमच्या कॉलनीत कुणाचा वाढदिवस असला तरी रात्री अकरापर्यंत डीजे वाजतो, आणि सून कानांत बोळे घालून, उशी दाबून पडून असते. फोन केला की पोलीस येतात, गाडी वळली की आवाज पुन्हा सुरू. असाच डीजे लावलेल्या मिरवणुकांचे रंगीत फोटो आपण पान तीनवर छापता. कर्ण्यांच्या भिंती उभ्या करणाऱ्यांवर काय कारवाई झाली, तेही त्याच पानावर छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक