मॅच रंगू दे, पण चिकन शिजू दे

महोदय,
भारताचा अंतिम सामना असला की आमच्या सिडकोत गच्चीवर पडदा लागतो, शेगडी पेटते. पोरं हौसेनं काळ्या मसाल्यात चिकन मुरवतात. वास पार खालच्या मजल्यापर्यंत दरवळतो. पण कच्चं चिकन मुरवलेल्या परातीतच भाजलेले तुकडे काढतात, हे पाहून जीव घाबरतो. त्यात लहान मुलं आधी हात घालतात! शेवटच्या षटकांत शेगडीकडे कुणी बघत नाही. तंगडी वरून करपते, हाडापाशी कच्चीच राहते. पोरांनो, तंगडीला खोल चिरा द्या, निखाऱ्यांवर राख धरल्यावरच भाजा. आतून ७४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मुरवलेलं चिकन फ्रिजमध्ये ठेवा, परात वेगळी घ्या. आणि शाकाहाऱ्यांची कांदाभजी आधी, वेगळ्या कढईत तळा.

– एक गृहिणी, सिडको, नाशिक