सांधा तुझा नव्हता

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. आज नको, निवांत बोलू, असं करत राहिलो आणि नंतर तर कुठल्या तोंडानं बोलावं हेच कळेना. पण काल रात्री साडेअकराला आपल्या मोटरसायकलशेजारी टॉर्च तोंडात धरून बसलो होतो, तेव्हा जे दिसलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. आई तुझी आठवण काढते.

तर, सांधा तुझा नव्हता. म्हणजे वायरचा तो सांधा केलेला तूच, पण खोट त्यात नव्हती. हँडलवरच्या मीटरमधला काटा नाचायचा तो तुझ्या फॉगलाइटच्या सांध्यामुळे, असं मी तात्यांसमोर तुला बोललो होतो. चौदा वर्षं झाली त्याला. तू एवढंच म्हणालास, "मोजून बघ." मी मोजलं नाही. कटर घेतला, फॉगलाइट उपटून काढला आणि तू चहा अर्धा टाकून निघून गेलास.

आपली गाडी गेल्या महिन्यात पुन्हा चालू केली. इंजिन तिसऱ्या किकला लागलं, मला गहिवरूनच आलं. पण हेडलाइट लावला आणि तोच खेळ सुरू. उजवा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर टकटक खाली-वर. मीटरमधले दिवे पिवळे, मलूल. आणि डिपर खाली असतानाही अपरचा, म्हणजे लांबच्या झोताचा, निळा दिवा मंद पेटलेला. आठवतंय ना? तेव्हा आपण त्या निळ्या दिव्यावरच किती रात्री भांडलो.

या वेळी ठरवलं, काही उपटायचं नाही, आधी बघायचं. बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू करून रेस दिल्यावर १४.१. म्हणजे चार्जिंग ठीक. मग नीट लक्ष देऊन बसलो आणि दोन गोष्टी दिसल्या, ज्या तेव्हाही डोळ्यांसमोरच होत्या. एक, वेगाचा काटा कधीच नाचत नाही. नाचणार कसा, तो विजेवर नाहीच. केबल आतलं चुंबक फिरवते आणि चुंबक अॅल्युमिनियमची वाटी ओढतं, बस्स. दुसरं, न्यूट्रलचा हिरवा दिवा एकदम लख्ख. त्याला प्लस मिळतो चावीतून आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, मिळते खाली गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून. बाकीचे सगळे मात्र मीटरमागच्या एकाच वायरनं अर्थ होतात. म्हणजे जे त्या एका वायरवर आहेत तेवढेच आजारी. बाळ्या, अक्षरशः घाम फुटला मला. हे तू तेव्हा सांगत होतास! "करंटला घरी जायची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्याच्या घरातून जातो," हे तुझंच वाक्य. मीटरच्या दिव्यांतून आलेला करंट अर्थ मिळेना म्हणून उलटा निळ्या दिव्यात शिरत होता, तिथून हेडलाइटच्या अपर फिलामेंटमधून बाहेर पडत होता. म्हणून तो निळा दिवा पेटायचा.

(तुझ्या मेव्हण्याच्या गाडीला एलईडी इंडिकेटर बसवले तेव्हा चारही एकदम लागायला लागले आणि तू म्हणालास, "वरात निघाली." तेही याच जातीचं दुखणं. मीटरमधला एकच दिवा डाव्या-उजव्या बाजूंच्या मधे टांगलेला, त्यातून पलीकडच्या बाजूला जाईल तेवढा चिमूटभर करंटही एलईडीला पुरतो. करंट एकाच दिशेनं सोडणारे दोन डायोड टाकून सुटलं. ती युक्ती तुझीच, आणि मी सगळीकडे ती आपण दोघांनी काढली असं सांगत आलो. तेही आज कबूल करतो.)

आता बझरचं सांगतो, कारण खरं भांडण तिथं होतं. मी तेव्हा मल्टिमीटर बझरवर ठेवून (वायर जोडलेली असली की तो वाजतो) अर्थची वायर तपासली होती. टीं वाजलं. मी म्हटलं वायर चांगली आहे, तुझा सांधाच खराब. पण बझर लावताना मल्टिमीटर वायरमधून अगदी नाममात्र करंट सोडतो. तेवढ्याला एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी पुरते. दिव्यांचा भार आला की तीच तार गळपटते. काल मी व्होल्टवर ठेवून मोजलं. चावी ऑन, दिवे चालू, लाल टोक मीटरच्या अर्थच्या पिनवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथे फार तर ०.१-०.२ व्होल्ट दिसायला हवेत. हँडल सरळ असताना ०.९ आले. डावीकडे पूर्ण वळवलं, ३.८! पुन्हा सरळ, ०.९. दहा वेळा केलं. मग बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक सुटी वायर थेट त्या पिनला लावली. निळा दिवा विझला, काटा जागेवर बसला, इंडिकेटर दिला तरी ढिम्म.

आणि मग तुझा सांधा मोजला. टाकीखाली, फ्रेमच्या बोल्टजवळ, जिथं तू फॉगलाइटची अर्थ त्या वायरला जोडली होतीस. मी कापलेलं टोक अजून तसंच लोंबतंय. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोकं लावली, सगळा भार चालू ठेवून. ०.०१. वरची स्लीव्ह करपली आहे, पण आतलं सोल्डर अजून चकाकतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चोर वीतभर पुढे होता. वायरिंगचा जुडगा हँडलच्या दांड्यापाशी वळतो ना, तिथं कुणीतरी टाय करकचून आवळलेला. बहुधा मीच. हँडल वळेल तसतशी वायर तिथंच मुडपायची. वरून बघशील तर काहीच नाही, प्लास्टिक अखंड. पण बोटांच्या चिमटीत धरून पुढं पुढं जात होतो, तर एका जागी वायर एकदम लुळी लागली, आत हाडच नसल्यासारखी. हलकेच ओढली तर प्लास्टिक रबरासारखं ताणलं. चिरून पाहिलं. हिरवी भुकटी, आणि दोन तारा कशाबशा एकमेकींना टेकलेल्या. त्या टेकण्यावर आपण चौदा वर्षं मनात अढी धरून बसलो.

मीटर नवीन बसवल्यावर दहा दिवस सगळं छान चाललं होतं, त्यावरून मी केवढा मिरवलो होतो! मीटर काढताना जुडगा हलला, तारा नीट टेकल्या, एवढंच झालं होतं.

तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापत गेलो आणि नवा तुकडा टाकला. सांधा मुद्दाम वळणापासून लांब घेतला, कारण सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि वाकून वाकून तिथंच तुटते. हेही तुझंच शिकवलेलं. टाय सैल ठेवला, वळणावर वायरला ढील दिली. आता हँडल कुठंही फिरवा, ०.०४ च्या वर जात नाही. तुझ्या सांध्याला हात लावलेला नाही. फक्त नवी स्लीव्ह चढवली.

तात्या आता नाहीत. असते तर त्यांच्यासमोरच तुला हे सांगितलं असतं. तुझी बदली झाल्याचं वहिनींकडून कळलं, नवं ऑफिस कसं आहे? लेकीची परीक्षा कशी गेली? तिला माझे आशीर्वाद सांग. पाठीचं दुखणं अंगावर काढू नकोस.

तुझा फॉगलाइट माझ्याकडे जपून आहे, काच शाबूत आहे. तो परत बसवायचा आहे आणि तो तूच बसवायचास. रिले (छोट्या करंटनं मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) लावू म्हणत होतास, मी नाही म्हटलं होतं. रिले आणून ठेवला आहे, १२ व्होल्ट ३० अँपिअरचा, फ्यूजसकट. कधी येतोस ते कळव.

तुझाच,
दादू